भंगारातून लेझर कटरचा बेड : हॅक्सॉची पाती, एसीचा पाइप, हार्ड डिस्कचे चुंबक (बडोदा)

खटपट्या
सोमवार, रात्री ९.१०

के४० जातीच्या ४० वॉटच्या कार्बन डायऑक्साइड लेझरबरोबर जो बेड (कापायचा माल ठेवायची बैठक) येतो तो बेड नव्हेच. मधोमध चौकोनी खिडकी पाडलेला पत्रा आणि तीत स्प्रिंगचा चिमटा, एवढाच प्रकार असतो. तो रबरी शिक्के कोरण्यापुरता ठीक. ३०० × २०० मि.मी.चं पूर्ण क्षेत्र वापरून ३ मि.मी. एमडीएफ कापायचं म्हटलं की तो काढून टाकावा लागतो. गणपतीच्या मखरांचं काम महिन्याभरात सुरू होईल, म्हणून हा धागा आत्ताच काढतोय.

बाजारात मिळणारा हनीकोंब (पोळ्यासारख्या जाळीचा) बेड चांगला असतो, पण एकदा राळ आणि काजळी साचली की नीट साफ होत नाही, आणि अॅल्युमिनियमचा असेल तर त्यावर चुंबक लागत नाही. माझं मत आधीच सांगतो : छोट्या मशीनसाठी झिजलेल्या हॅक्सॉ ब्लेडांचा पट्टी-बेड हनीकोंबपेक्षा सरस आहे. शिवाय मकरपुरा जीआयडीसीतल्या कुठल्याही फॅब्रिकेशन शेडबाहेर ही पाती किलोच्या भावात मिळतात.

बेडकडून तीनच गोष्टी हव्यात. माल एका पातळीत राहावा. खालून त्याला कमीत कमी टेकू असावा. आरपार गेलेला किरण खाली जाऊन विरळ व्हावा आणि उलटा वर येऊ नये. भंगारात दिसलेली प्रत्येक वस्तू या तीन प्रश्नांवर तपासायची.

हाताच्या हॅक्सॉचं १२ इंची पातं भोकापासून भोकापर्यंत ३०० मि.मी., रुंदी साधारण १३ आणि जाडी ०.६३ ते ०.६५ मि.मी. असतं. म्हणजे मालाखाली टेकणारी कड पाऊण मिलिमीटरसुद्धा नाही. १५ मि.मी. अंतरावर १६ पाती लावली की २२५ मि.मी. रुंदी भरते. दोन्ही टोकांच्या भोकांतून एकेक थ्रेडेड (आटे पाडलेली) सळई, दोन पात्यांमध्ये नळीचा तुकडा (स्पेसर), आणि बाहेरून २५ × २५ × ३ च्या अँगलची चौकट. जुन्या कुलरच्या स्टँडचा अँगल चालतो, १.२ मीटर पुरतो. मात्र आधी आपल्या मशीनच्या पोटातलं माप घ्या. चौकट गँट्रीच्या (लेझरचं डोकं फिरवणाऱ्या सांगाड्याच्या) रुळांखाली उतरली पाहिजे.

सळई एम४ ची (४ मि.मी. जाड), स्पेसरना गच्चीवरच्या जुन्या टीव्ही अँटेनाचा १० मि.मी. पाइप, असा माझा आराखडा आहे. खोट काढा.

---

पातेवाला
सोमवार, रात्री १०.०२

आराखडा चांगला आहे, पण दोन्ही मापं चुकली आहेत. 

एम४ ची सळई पात्याच्या भोकात (ते साधारण ४ मि.मी.चंच असतं) घट्ट बसते. गोम तिथेच आहे. भोकापासून पाठीच्या (बिनदातांच्या, माल टेकणाऱ्या) कडेपर्यंतचं अंतर सगळ्या पात्यांत सारखं नसतं, कंपनी बदलली की अर्ध्या मिलिमीटरचा फरक सहज पडतो. सळई घट्ट असेल तर हा सगळा फरक बेडच्या पातळीत उतरतो. एम३ ची सळई घ्या. भोकात जवळपास १ मि.मी. सैलपणा राहतो आणि त्या सैलपणातच पाती एका रेषेत आणता येतात. भोक मोठं करायच्या भानगडीत पडू नका. पूर्ण कडक पातं असेल तर ड्रिलचा बिट जळतो, नाहीतर पातं काचेसारखं तुटतं.

आता अँटेनाचा पाइप. बाहेरून १० आणि आतून ८ मि.मी. असेल तर ३ मि.मी.च्या सळईवर तो अडीच मि.मी. लोंबतो. नळीची बाहेरची त्रिज्या ५, त्यात हे अडीच मिळवा : सळईच्या मध्यापासून साडेसात. पात्याची अर्धी रुंदी साडेसहा. म्हणजे नळी पात्याच्या पाठीच्या १ मि.मी. बाहेर डोकावेल आणि माल पात्यांऐवजी नळ्यांवर टेकेल. बांधताना लक्षात येत नाही, पहिला शीट ठेवला की कळतं.

त्याऐवजी एसी बसवणाऱ्यांकडे उरणारे पाव इंची तांब्याच्या पाइपचे तुकडे घ्या. बाहेरचा व्यास ६.३५ मि.मी. तो लोंबला तरी कडेच्या आत राहतो. १५ गाळे × २ टोकं = ३० तुकडे. प्रत्येक तुकडा १४.४ मि.मी. (१५ वजा पात्याची जाडी). एकूण ४३२ मि.मी., कापण्यातली घट धरून अर्धा मीटर पाइप पुष्कळ झाला. पाइप कटरने कापलं की तोंड आत वळतं, ते रीमरने किंवा जुन्या गोल कानशीने मोकळं करा. तुकडे कापलेले, सुटेच घ्या. बंद पडलेल्या एसीचा पाइप स्वतः कापू नका. आत गॅस असतो, आणि आर-३२ असेल तर तो पेट घेऊ शकतो.

---

केंद्रबिंदू
सोमवार, रात्री १०.४८

पातेवाल्यांशी सहमत. फक्त एक भर.

३० तुकड्यांत प्रत्येकी ०.१ मि.मी.ची चूक धरली तर एका टोकाला १५ तुकड्यांमागे दीड मि.मी. जमा होतात. बेड एकंदर दीड मि.मी. रुंद झाला तर काही बिघडत नाही, पण डावं टोक आणि उजवं टोक वेगळं भरलं तर पाती तिरकी होतात. म्हणून तुकडे व्हर्नियरने मोजून जोड्या लावा. एका गाळ्याच्या दोन्ही टोकांना सारख्या मापाचे तुकडे आले की झालं. नेमकं १४.४ यायलाच हवं असं नाही.

पातळी साधायची ती उलटं बांधून. स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा पॉलिश केलेला आणि सपाट असतो. कडप्पा असेल तर आधी त्यावर पट्टी उभी धरून उजेड दिसतो का पाहा. ओट्यावर सगळी पाती पाठ खाली करून उभी करायची, सळया आणि नळ्या ओवायच्या, नट हाताने लावायचे. मग वर सपाट फळी आणि तिच्यावर पाच किलोचं वजन. सगळ्या पाठी ओट्याला टेकल्यावरच पाना लावायचा. नट घट्ट करताना एकीकडून सगळे आवळू नका, आलटून पालटून पाव-पाव फेरा द्या.

चौकटीच्या अँगलला सळईसाठी भोक ५ मि.मी.चं पाडा, म्हणजे तिथेही हलवायला जागा राहील. पाठी अँगलच्या वरच्या कडेपेक्षा २ मि.मी. उंच राहिल्या पाहिजेत. नाहीतर मोठा शीट चौकटीवर बसेल आणि पाती शोभेला उरतील.

---

दांडियाबाजार
सोमवार, रात्री ११.१५

सगळे पाठ वर धरून चालले आहेत. दात वर ठेवले तर टेकू अजून कमी होतो ना? रेघेऐवजी टोकं.

---

पातेवाला
मंगळवार, सकाळी ७.३०

कागदावर बरोबर. पण ही वापरलेली पाती आहेत भाऊ. पातं मधल्या भागात जास्त झिजतं, दोन्ही टोकांना दात जवळपास नवे असतात. दात वर ठेवले की प्रत्येक पात्याला मध्ये खड्डा, आणि तोही प्रत्येकाचा निराळा. पाठ मात्र झिजत नाही. दुसरं, दात आळीपाळीने डावीउजवीकडे वाकवलेले असतात, त्यामुळे वरून बघितलं तर कड पाठीपेक्षा रुंद असते. तिसरं, चामडं, फेल्ट, कागद हे दातांत अडकतं, सरकवून जागेवर आणता येत नाही. आणि बेड पुसताना बोटं.

---

केंद्रबिंदू
मंगळवार, सकाळी ८.०५

अॅक्रिलिकपुरतं दांडियाबाजार यांचं म्हणणं मी मोडीत काढणार नाही. चकचकीत अॅक्रिलिकच्या खालच्या बाजूला प्रत्येक टेकूपाशी धुरकट डाग उठतो. किरण पात्यावर आपटून उलटतो आणि तिथली वाफ तिथेच घुटमळते. टोकांवर हे डाग ठिपक्यांएवढे राहतात. पण त्यासाठी दात नकोत. खालचा संरक्षक कागद तसाच ठेवा, तेवढ्याने बहुतेक डाग कागदावर जातात. किंवा एकाआड एक पातं काढा आणि कापायची रेघ पात्याला समांतर, बरोबर वर येणार नाही असा आराखडा सरकवा. पट्टी-बेडचा हा फायदा हनीकोंबमध्ये मिळत नाही.

पण पाती काढली की लहान तुकडे खाली पडतात. पडले तर बरं, अर्धवट पडून तिरके उभे राहिले तर नोझल (लेझरच्या डोक्याचं टोक) त्यांना धडकतं आणि तेव्हापासून पुढचं सगळं कटिंग सरकतं. गाळ्याच्या दीडपटीपेक्षा लहान तुकडा असेल तर ०.५ ते १ मि.मी.चा टॅब (न कापलेला जोड) ठेवा, नंतर नखाने तोडा.

---

नवखी
मंगळवार, दुपारी १.२०

भंगारवाल्याकडे हे पण दिसलं, चालेल का सांगा : (१) फ्रिजची तारेची शेल्फ (२) वॉशिंग मशीनचा स्टीलचा ड्रम, भोकं असलेला (३) ऑफिसच्या ट्यूबलाइट फिटिंगमधली चकचकीत अॅल्युमिनियमची चौकटजाळी (४) किचन चिमणीचा जाळीचा फिल्टर (५) एसीपी शीटचे तुकडे, तळाला घालायला.

---

खटपट्या
मंगळवार, दुपारी २.४५

नवखीताई, यादी छान आहे. बहुतेक जण याच पाच वस्तूंना फसतात.

फ्रिजच्या शेल्फच्या तारेवर बहुधा प्लास्टिकचं आवरण असतं. पांढरं आवरण पीव्हीसी असेल तर किरण लागताच हायड्रोजन क्लोराइड सुटतो. तो नाकाला आणि मशीनच्या रुळांना, दोघांनाही खातो. आवरण नसलेली, नुसत्या स्टीलची शेल्फ असेल तर कामचलाऊ. तारा गोल असल्यामुळे टेकू कमी असतो, पण शेल्फ क्वचितच सपाट असते.

वॉशिंग मशीनचा ड्रम नको. सपाट करायला जीव जातो, आणि भोकांच्या मधली जागा भोकांपेक्षा जास्त. तिथून किरण सरळ उलटतो. स्टील या तरंगलांबीला (१०.६ मायक्रॉन) बहुतांश प्रकाश परत फेकतं. सगळा माल खालून भाजल्यासारखा दिसेल.

ट्यूबलाइटची जाळी चालते, पण तिचे चौकोन फार मोठे असतात. मोठ्या शीटसाठी ठीक. फिटिंग काढताना ट्यूब फोडू नका, आत पारा असतो.

चिमणीचा फिल्टर म्हणजे तेलात भिजलेली जाळी. लेझरखाली ती ठेवणं म्हणजे काकडा लावणं. आणि तो साफ करायला कॉस्टिक सोडा वापरू नका. कॉस्टिक अॅल्युमिनियमला खातं आणि हायड्रोजन सोडतं, जाळी भुगा होऊन हातात येते. चिमणीतून घ्यायचीच तर तिची मोटर घ्या, पण त्यावर धूरवाले कुणीतरी बोलतील.

एसीपीच्या दोन पत्र्यांमध्ये प्लास्टिक असतं. वरचा अॅल्युमिनियम पातळ, कडेने प्लास्टिक उघडं. तळाला अजिबात नको.

तळाला जुन्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचं बाजूचं झाकण घ्या, स्टीलचा पत्रा असतो. रंग खरवडून काढा. कडा आधीच वळवलेल्या असतात, त्यामुळे कचऱ्याचा ट्रे आयता तयार.

---

केंद्रबिंदू
मंगळवार, दुपारी ३.३०

ट्रे किती खाली ठेवायचा याचा हिशोब. लेन्स ५०.८ मि.मी. फोकसची, तिच्यावर पडणारा झोत साधारण ६ मि.मी. धरा. फोकसच्या खाली झोत त्याच कोनात उघडतो. ४० मि.मी. खाली त्याचा व्यास पावणेपाच मि.मी. होतो. फोकसला तो ०.२ मि.मी. होता. क्षेत्रफळ पाचशेपटींहून वाढलं, म्हणजे तेवढी तीव्रता उतरली. म्हणून पातं आणि ट्रे यांच्यात ४० मि.मी. मोकळी जागा ठेवा. १० मि.मी.वर ठेवलेला ट्रे एमडीएफला खालून डाग देतोच.

ट्रेमध्ये फरशीचा तुकडा ठेवला तर अजून बरं. सिरॅमिक हा प्रकाश शोषतं, परत फेकत नाही. झोत विरळ असताना ते तडकत नाही, फोकसजवळ आलं तर तडकू शकतं.

---

दांडियाबाजार
मंगळवार, रात्री ९.००

मखरवाल्यांसाठी : पावसात ३ मि.मी. एमडीएफ आणि प्लाय पापडासारखे वाकतात. ४०० चा तुकडा घेतला तर कोपरे ३-४ मि.मी. वर येतात आणि फोकस गेला. यावर हार्ड डिस्कचे चुंबक. पाती स्टीलची असल्यामुळे चिकटतात, अॅल्युमिनियमच्या हनीकोंबवाल्यांना ही चैन नाही.

जुन्या साडेतीन इंची डिस्कमध्ये बहुधा दोन मिळतात, स्टीलच्या पट्टीला चिकटवलेले. पट्टीपासून वेगळे करू नका. हे निओडिमियम ठिसूळ असतं, तुटलं की कपच्या उडतात. पट्टीसकटच वापरा. दोन चुंबक एकमेकांजवळ आले की मधलं बोट चेपतं, हे गमतीने लिहीत नाही. ८० अंशांच्या वर साधा निओडिमियम ताकद गमावतो, म्हणून कटिंगच्या रेघेपासून किमान २० मि.मी. लांब. आणि उंची बघा. पट्टीसकट चुंबक ५-६ मि.मी. होतो, नोझल मालापासून तेवढंच वर असेल तर पहिल्याच फेरीत टक्कर. चुंबक नेहमी डोक्याच्या वाटेबाहेर.

---

मकरपुरा_शेड
बुधवार, सकाळी ६.५०

कुणी अर्थिंगबद्दल बोललं नाही म्हणून.

के४०च्या ट्यूबला दहा हजार व्होल्टच्या वरचा पुरवठा असतो. तुम्ही आत लोखंडाची नवी चौकट ठेवता, तीही रंगवलेल्या अँगलची, रबरी पायांवर. म्हणजे ती मशीनच्या अंगापासून तुटलेली. कुठे गळती झाली तर ती चौकट जिवंत होईल आणि नेमका तिच्यावरच हात जाईल. चौकटीच्या एका कोपऱ्याचा रंग घासून चकचकीत करा, रिंग लग, दातेरी वॉशर, १.५ चौ.मि.मी.ची हिरवी तार, दुसरं टोक मशीनच्या अर्थ बोल्टवर. मल्टिमीटर लावून प्लगच्या अर्थ पिनपासून पात्यापर्यंत १ ओहमच्या आत आलं पाहिजे. भिंतीतल्या सॉकेटला अर्थ खरंच आहे का ते वायरमनकडून आधी तपासा. जुन्या वाड्यांत तिसरं भोक पुष्कळदा नुसतं भोक असतं.

पाती घेताना भंगारवाल्याला "हेक्सो ब्लेड" म्हणा, "लेझरचं पातं" म्हटलंत तर भाव दुप्पट. पाती एका कंपनीची, एका रंगाची निवडून घ्या. रॉकेलने तेल काढा, मग साबणाने धुवा, वाळवा. रंग थिनरने घालवा, तो तसाच राहिला तर पहिले दोन दिवस धुराला विचित्र वास येतो. आणि हे सगळं मोकळ्या हवेत, लेझरपासून लांब.

---

नवखी
बुधवार, सकाळी ११.१०

खूप उपयोगी, धन्यवाद. उंची कमीजास्त करायला काय? जुन्या प्रिंटरची स्टेपर (पावलापावलाने फिरणारी मोटर) आणि पट्टा आहे माझ्याकडे. चार सळया, चार पुली, एक पट्टा?

---

पातेवाला
बुधवार, दुपारी १२.४०

चार नको, तीन. तीन टेकूंवर पातळी एकच ठरते. चार असले की एक कायम हवेत किंवा कायम ताणात. तीन पायांची तिवई डुगडुगत नाही, तेच इथे.

पट्टा तपासून घ्या. प्रिंटर-कॉपियरमधले बरेच पट्टे एमएक्सएल असतात, दात २.०३२ मि.मी.वर. हल्ली बाजारात मिळणाऱ्या पुली जीटी२ च्या, २ मि.मी.वर. १० दात मोजले तर २०.३ आणि २०, फरक डोळ्याला दिसत नाही. ५० दात मोजा : १०१.६ आणि १००. जमले नाहीत तर पट्टा पुलीवर चढतो आणि दात सोडतो, तीन सळया वेगवेगळ्या फिरतात आणि बेड तिरका होतो. पट्टा आणि पुली एकाच यंत्रातून काढा.

पट्टा अखंड हवा. कापून जोडलेला चालत नाही. एम८ च्या सळईचा पेच (एका फेऱ्यात सरकणारं अंतर) १.२५ मि.मी., २० मि.मी. वरखाली करायला १६ फेरे. २० दातांच्या जीटी२ पुलीवर प्रत्येक फेऱ्याला ४० मि.मी. पट्टा सरकतो, म्हणजे ६४० मि.मी. जोड पुलीवर येणारच.

प्रिंटरच्या स्टेपरचे अंश बघून घ्या. पातळ डबीसारख्या मोटरी बहुधा ७.५ अंशांच्या असतात, फेऱ्याला ४८ पावलं. १.८ अंशांची असेल तर २०० पावलं, १/१६ मायक्रोस्टेपवर (एका पावलाचे १६ भाग) ३२००, एम८ वर भागिले १.२५ म्हणजे मिलिमीटरला २५६० पावलं.

---

केंद्रबिंदू
बुधवार, दुपारी १.३०

हे सगळं बरोबर, पण मोटर कशाला? महिन्यातून दहादा उंची बदलणाऱ्याने मोटर लावावी. आपण ३ मि.मी. आणि ६ मि.मी. एवढेच शीट कापतो. बेड ६ मि.मी.च्या मालासाठी कायम बसवा, बाकीला चौकटीखाली घालायच्या तीन-तीन चकत्यांचे संच कापून ठेवा. एम६ ची सळई घेतली तर पेच १ मि.मी., एक फेरा म्हणजे एक मिलिमीटर, डोक्याला ताप नाही.

कोरायला फोकस मालाच्या वरच्या पृष्ठावर. जाड कापायला थोडा आत : ६ मि.मी.ला २ ते ३ मि.मी. खाली.

फोकस शोधायला उतार लावा. एमडीएफची पट्टी, पाया १०० मि.मी., एका टोकाखाली २० मि.मी.चा ठोकळा. कमी पॉवरवर तिच्यावरून एक रेघ मारा. रेघ जिथे सर्वांत बारीक, तिथली उंची मोजा. दर ५ मि.मी. पुढे गेलं की १ मि.मी. उंची, त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरपर्यंत सहज वाचता येतं. मग तेवढ्याच उंचीचा अॅक्रिलिकचा ठोकळा कापून चार कोपरे आणि मध्य, अशा पाच ठिकाणी नोझलखाली सरकवून बघा. पाचही ठिकाणी अर्ध्या मिलिमीटरच्या आत फरक असेल तर बेड झाला. त्याहून जास्त असेल तर आधी गँट्रीचे रूळ तपासा, दरवेळी दोष बेडचा नसतो.

---

धूरकट
बुधवार, रात्री ८.२०

मला बोलावलंत म्हणून.

कॉम्प्युटरचे १२ व्होल्टचे पंखे लावून "एक्झॉस्ट केला" म्हणणारे बरेच आहेत. तो पंखा मोकळ्यात हवा हलवतो, पण चार इंची पाइप आणि एक वळण लावलं की त्याचा दाबच राहत नाही. पाती फिरत राहतात, धूर मशीनमध्ये. किचन चिमणीतला पिंजऱ्यासारखा ब्लोअर दाब देतो, तोच घ्या. तेलकट पिंजरा गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणाने, मोटरला पाणी न लागता. ब्लोअर पाइपच्या शेवटी, खिडकीपाशी ठेवा. म्हणजे घरातला पाइप पूर्ण खेचणीखाली राहतो आणि सांध्यातून धूर बाहेर येत नाही.

बेडच्या दृष्टीने मुद्दा असा : हवा पुढून, पात्यांच्या खालून, मागे गेली पाहिजे. ट्रे ठेवताना पुढची फट बुजवली तर खालचा धूर खालीच कोंडतो आणि मालाच्या पाठीला पिवळी राळ बसते. पुढे १५ ते २० मि.मी. उंचीची फट पूर्ण रुंदीभर सोडा.

आता सर्वांत महत्त्वाचं. बडोद्यात साइनबोर्डवाल्यांचा कचरा फुकट मिळतो आणि त्यात अर्ध्याहून जास्त सनबोर्ड आणि फ्लेक्स. दोन्ही पीव्हीसी. रेक्झिनही बहुतेक तेच. कापू नका. ओळखता येत नसेल तर तांब्याची तार गॅसवर लाल करा, प्लास्टिकला टेकवा, चिकटलेला कण घेऊन परत ज्योतीत धरा. हिरवी ज्योत आली की क्लोरीन आहे. खिडकी उघडी ठेवून, कणभरच.

---

डायोडवाला
बुधवार, रात्री ९.४५

१० वॉटच्या निळ्या डायोड लेझरसाठी हाच बेड चालेल?

---

धूरकट
बुधवार, रात्री १०.१०

बेड चालेल, पण तीन फरक. डायोडचे यंत्र उघडं असतं, खाली टेबल. ट्रे सोडू नका, नाहीतर सनमायकावर तुमचं डिझाइन उमटेल. दुसरं, पाठीची चकचकीत कड निळा प्रकाश आडवा फेकते. पाती तापवून तेलात बुडवून काळी करून घ्या, नीट पुसून. रंग लावू नका, तो जळतो. तिसरं, साधं पारदर्शक अॅक्रिलिक कार्बन डायऑक्साइड लेझरला अडवतं, निळ्याला अजिबात नाही. के४०चं झाकण बघून तसंच पारदर्शक झाकण डायोडला लावणं म्हणजे न लावणं. ४५० नॅनोमीटरचा चष्मा, आणि खोलीत असणाऱ्या प्रत्येकाला.

---

दांडियाबाजार
गुरुवार, सकाळी ७.१५

अवांतर : झाकणाच्या स्विचसाठी जुन्या वॉशिंग मशीनचा दरवाजा-स्विच बघा. बऱ्याच के४०ना झाकण उघडल्यावर लेझर बंद होण्याची सोय नसते. स्विच पॉवर सप्लायच्या संरक्षण टर्मिनलवर लावतात, मुख्य वीजेच्या तारेत नाही.

मायक्रोवेव्हमध्येही असे छोटे स्विच असतात, पण त्याचं पोट उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका भार राहू शकतो.

---

मकरपुरा_शेड
गुरुवार, सकाळी ७.४०

+१. अख्खा मायक्रोवेव्ह रिपेअरवाल्याला द्या आणि त्याच्याकडून स्विच मागून घ्या.

---

खटपट्या
गुरुवार, रात्री ९.३०

सगळ्यांचे आभार. सुधारलेलं सामान : एकाच कंपनीची हॅक्सॉ पाती १६ (दोन जास्त घ्या, एकतरी वाकडं निघतं), एम३ थ्रेडेड सळई २६० मि.मी.च्या दोन, एम३ नट आठ, पाव इंची तांब्याचा पाइप अर्धा मीटर, २५ चा अँगल १.२ मीटर, कॅबिनेटचं एक झाकण, हार्ड डिस्कचे चुंबक चार, अर्थसाठी तार आणि लग.

एक शंका उरली. ३०० च्या लांबीत मधोमध पात्यांना कंप येईल का?

---

पातेवाला
गुरुवार, रात्री १०.०५

उभ्या दिशेने १३ मि.मी. खोली आहे, मालाच्या वजनाला ती जुमानत नाहीत. आडवी मात्र डुलतात, एअर असिस्टच्या (कापताना हवा फुंकणाऱ्या सोयीच्या) झोताने सुद्धा. मध्ये एक फणी घाला. उरलेल्या अँगलच्या पट्टीला १५ मि.मी.वर हॅक्सॉनेच खाचा पाडा, पात्याच्या जाडीला खाच आयती बरोबर येते (दातांचा फैलाव थोडा जास्त असतो, तेवढा सैलपणा हवाच). खाच ८ मि.मी. खोल, फणी खालून, पाठीला न शिवणारी.

---

धूरकट
शुक्रवार, सकाळी ६.४५

आणि देखभाल. पाती रोज काम संपल्यावर कोरड्या कापडाने पुसा. राळ साचली तर सळई सोडवून गरम पाण्यात, साबणात रात्रभर. स्टील आहे, कॉस्टिकही चालतं, हातमोजे घालून. पावसात गंज येईल, पण तेलाचा जाड थर देऊ नका, तो पहिल्याच कटमध्ये पेटतो. हलका हात फिरवून परत कोरडं पुसायचं. ट्रेमधला भुसा आणि तुकडे दर कामानंतर रिकामे करा. मशीन चालू असताना उठून चहाला जायचं नाही. जवळ कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक ठेवा. पावडरचं मारलं तर आग विझते, पण लेन्स आणि आरसे गेले.

---

नवखी
शुक्रवार, दुपारी १२.३०

पाती मिळाली, पण अर्धी निळी आणि अर्धी लाल. दोन कंपन्या. मिसळून चालतील?

---

केंद्रबिंदू
शुक्रवार, दुपारी १.०५

एम३ सळई असेल तर चालतील, सैलपणा तेवढा सांभाळून घेतो. दोन्हींची रुंदी व्हर्नियरने मोजा. अर्ध्या मिलिमीटरच्या आत फरक असेल तर एकाआड एक लावा, म्हणजे एकीकडे सगळी निळी आणि दुसरीकडे सगळी लाल होऊन बेड एका बाजूला कलणार नाही. ओट्यावर उलटं बांधताना एखादं पातं टेकत नसेल तर त्याच्या भोकाची संपली जागा. ते काढून दुसरं घाला, ठोकून बसवू नका.